उद्यमबागेतल्या छोट्या कारखान्यात ईआरपी बसवायचंय? कुठून सुरू करायचं ते सांगतो

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा, ऑटोनगर या भागात ज्यांचं वर्कशॉप किंवा फाउंड्री आहे, आणि आता मोठी पार्टी (गिऱ्हाईक कंपनी) म्हणतेय ईआरपी सिस्टीम, म्हणजे स्टोअर, परचेस, प्रॉडक्शन, अकाउंट एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, बसवा नाहीतर शिकून आलेला पोरगा मागे लागलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी मालक नाही. स्टोअर आणि परचेस बघतो, आमच्याकडं हायड्रॉलिकचे पार्ट होतात आणि ही सिस्टीम बसवायचं काम सुरुवातीपासून माझ्याकडंच होतं. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांसाठी लिहिलेलं बरंच वाचायला मिळतं, पण आपल्याकडं माल सकाळी कर्नाटकात असतो नि दुपारी ग्राइंडिंगला महाराष्ट्रात जातो, त्याचं काय करायचं हे कोण लिहीत नाही. म्हणून तो भाग मी जरा सविस्तर घेतलाय.

१. आधी हे समजून घ्या की ही सिस्टीम करते काय

आत्ता आपल्याकडं काय असतं बघा, स्टोअरची वही वेगळी, गेटवरचं रजिस्टर वेगळं, सुपरवायझरच्या खिशात एक डायरी, अकाउंट टॅलीत आणि पार्टीची ऑर्डर मालकांच्या व्हॉट्सअपवर. पाच ठिकाणी एकच गोष्ट पाच वेळा लिहिली जाते आणि पाचही आकडे वेगळे निघतात.

ईआरपीत एंट्री एकदाच होते. समजा गाडीतून रॉड उतरला, काट्यावर वजन झालं आणि स्टोअरवाल्यानं माल आल्याची एंट्री केली. त्या एका एंट्रीनं स्टॉक वाढतो, परचेस ऑर्डरमधला बाकी माल कमी होतो, सप्लायरचं बिल आलं की ते याच वजनाशी जुळवून बघता येतं, आणि प्रॉडक्शनवाल्याला दिसतं की उद्या मशीन लावता येईल. डिस्पॅचला उलटं, चलन झालं की स्टॉक उतरला, बिल तयार, पार्टीच्या नावावर येणं पडलं. एवढंच आहे ते, बाकी सगळं याच्यावरच उभं असतं.

याची मुळं १९६० च्या दशकातल्या अमेरिकेतल्या कारखान्यांत आहेत, तेव्हा कॉम्प्युटरवर फक्त कच्चा माल किती लागणार याचा हिशोब करायचे, त्याला एमआरपी (मटेरियल रिक्वायरमेंट प्लॅनिंग) म्हणायचे. मग त्याला मशीन, माणसं, अकाउंट जोडत गेले आणि १९९० च्या सुमाराला ईआरपी हे नाव आलं. हे सांगायचं कारण एवढंच की मूळ काम माल मोजायचं आहे, ग्राफ आणि डॅशबोर्ड नंतरचे, त्यामुळे डेमोत कुणी रंगीत चार्ट दाखवायला लागला तर त्याला थांबवा आणि स्टॉक लेजर दाखव म्हणा.

२. तुम्हाला किती मोठी सिस्टीम लागते ते ठरवा

इथं माझं मत सरळ आहे. पाच-सहा मशीन, मोजक्या पार्ट्या, आयटम शंभरच्या आत, असं असेल तर वेगळं ईआरपी घेऊ नका. टॅलीप्राइममध्ये गोडाऊन, बॅच, बिल ऑफ मटेरियल, जॉबवर्क (बाहेरच्याकडून करून घ्यायचं काम) हे सगळं आहे, आपल्यातले बहुतेक लोक फक्त बिलं करायला आणि जीएसटी भरायला टॅली वापरतात, बाकीचे फीचर चालूच केलेले नसतात. आधी ते एक वर्ष नीट चालवा.

त्याच्या वर गेलात, म्हणजे एकाच पार्टला चार-पाच ऑपरेशन, त्यातली दोन बाहेर, पार्टी प्रत्येक नगाची हिस्टरी मागते, तर मग ईआरपी बघा. ईआरपीनेक्स्ट हे आपल्याच देशातलं, मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ओपन सोर्स आहे, ओडू बेल्जियमचं. ओपन सोर्स म्हणजे फुकट असं कुणी सांगितलं तर अर्धंच खरं, लायसन्सला पैसे नाहीत पण सर्व्हर, बसवणारा माणूस, ट्रेनिंग, पुढचा सपोर्ट याला लागतातच. सॅप बिझनेस वनसारखं घ्यायचं तर ते सांभाळायला एक माणूस कायमचा ठेवायची तयारी पाहिजे.

पार्टी सांगतेय म्हणून घेताय तर पार्टीला नेमकं काय पाहिजे ते लेखी घ्या. पुष्कळ वेळा त्यांना फक्त हीट नंबरपासून (धातूच्या एका भट्टीच्या ओतीचा नंबर) डिस्पॅचपर्यंतचा माग पाहिजे असतो. एरोस्पेसचं काम करायची इच्छा असेल, हत्तरगीच्या एसईझेडकडं (विशेष आर्थिक क्षेत्र) डोळा असेल, तर हा माग पहिल्या दिवसापासून लागतो.

३. हे कागद आणि सामान आधी गोळा करा

सॉफ्टवेअरवाल्याला फोन करायच्या आधी हे टेबलावर पाहिजे:

- जीएसटी सर्टिफिकेट, उद्यम (लघुउद्योग नोंदणीचं) सर्टिफिकेट, बिलाची आणि चलनाची चालू सीरिज (नंबर १६ अक्षरांच्या आत पाहिजे)
- सगळ्या पार्ट्या आणि सप्लायर यांची यादी, जीएसटी नंबर आणि पिनकोडसकट
- सप्लायरपैकी कोण मायक्रो-स्मॉल आहे त्यांचे उद्यम नंबर
- जॉबवर्कवाल्यांची वेगळी यादी, कोण कर्नाटकात कोण महाराष्ट्रात ते लिहून
- चालू पार्टची ड्रॉइंग, शेवटच्या रिव्हिजनची
- कच्च्या मालाची यादी, एचएसएन कोडसकट (जीएसटीत मालाचा प्रकार सांगणारा कोड; उलाढाल ५ कोटींपर्यंत ४ अंकी, त्याच्या वर ६ अंकी)
- चालू स्थितीतला वजनकाटा, एक यूपीएस, गेटवर किंवा स्टोअरमध्ये एक कॉम्प्युटर आणि लाईट-नेट गेलं तर मोबाईल हॉटस्पॉट

उद्यम नंबरची भानगड अशी की मायक्रो आणि स्मॉल युनिटचं पेमेंट लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. नाही दिलं तर तो खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही, ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी धरतात. सप्लायर मास्टरमध्ये (सिस्टीममधली सप्लायरची कायमची यादी) हा नंबर असेल तर सिस्टीम स्वतः सांगते कुणाचं थकलंय, आणि मार्चएंडला सीएच्या ऑफिसमधून पळापळ होत नाही.

तुमची फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर अजून एक. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंट सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल पाहिजेच, म्हणजे कुठली एंट्री कधी बदलली त्याची नोंद, आणि ती बंद करता येता कामा नये. प्रोप्रायटर आणि पार्टनरशिपला हा नियम नाही, पण असलेली बरी.

४. आयटम मास्टर: जास्तीत जास्त वेळ इथं घाला

जितकी सिस्टीम बंद पडलेली मी बघितली ती सगळी इथंच मार खाल्लेली. एकच रॉड एकानं 'ईएन ८ ५० एमएम', दुसऱ्यानं 'ईएन-८ राउंड ५०', तिसऱ्यानं '५० चा बार' असा घातला, की सिस्टीमला ते तीन वेगळे माल. एकात स्टॉक मायनस, दुसऱ्यात पडून, आणि परचेसवाला तिसऱ्याची ऑर्डर टाकतोय.

नावाचा साचा एकच ठरवा: मटेरियल, आकार, साईज, अवस्था. याच क्रमानं, कुणीही घातलं तरी. नवीन आयटम उघडायचा अधिकार एकाच माणसाला ठेवा, मालकांनासुद्धा नको, खरंच सांगतो. आणि शॉपमध्ये पोरं ज्या नावानं हाक मारतात, 'मोठी बुश', 'कोल्हापूरवाली प्लेट', ते नाव टोपणनाव म्हणून आत घाला म्हणजे शोधताना सापडतं. कोड लहान ठेवा, वीस अंकी कोड कुणी टाईप करत नाही.

युनिटकडं विशेष लक्ष द्या. रॉड किलोवर येतो, कापतो मिलिमीटरमध्ये, वापरतो नगावर. हे तीन युनिट एकमेकांशी जोडलेले नसले तर पुढचा सगळा हिशोब चुकतो. गोल लोखंडी बारचं वजन काढायचं सूत्र प्रत्येक टर्नरला पाठ असतं, व्यासाचा वर्ग भागिले १६२, येतात किलो प्रति मीटर. ५० चा बार म्हणजे २५०० भागिले १६२, मीटरला १५.४३ किलो. हे आयटममध्ये एकदा घालून ठेवा.

५. बीओएम: कागदावर एक पार्ट पूर्ण करून बघा

बीओएम म्हणजे बिल ऑफ मटेरियल, एक नग करायला काय काय आणि किती लागतं त्याची यादी. सॉफ्टवेअरमध्ये घालायच्या आधी एका पार्टचं कागदावर करा.

समजा शाफ्ट १०० मिमी लांब, कटिंगला ३ मिमी जातो, म्हणजे नगाला १०३ मिमी. सहा मीटरचा बार बँडसॉवर कापला तर ५८ नग निघतात आणि २६ मिमीचा तुकडा उरतो. नगाला वजन १.५९ किलो. आता बरेच जण बीओएममध्ये तयार शाफ्टचं वजन घालतात, म्हणजे लेथवर टर्निंग होऊन चिप्स (धातूचा कीस) गेल्यावरचं. तसं केलं की प्रत्येक महिन्याला स्टॉकमध्ये माल जास्त दिसतो आणि प्रत्यक्षात रॅक रिकामं, मग चोरीचा संशय बिचाऱ्या हेल्परवर. कापलेलं वजन घाला, चिप्स आणि तुकडे स्क्रॅप म्हणून वेगळे जमा दाखवा, ते विकतो तेव्हा बिल करायचंच असतं.

आता खरा फायदा कुठं दिसतो ते बघा. पार्टीची ५०० शाफ्टची ऑर्डर आली. तयार १२० पडलेत, ८० ग्राइंडिंगला बाहेर आहेत. म्हणजे करायचे ३००. त्याला बार लागतात ६, रॅकवर २ आहेत, तर मागवायचे ४, म्हणजे साधारण ३७० किलो. हा हिशोब सिस्टीम पाच सेकंदात करते. सिस्टीम नसताना काय होतं, बाहेर असलेले ८० कुणाच्या लक्षात नसतात, रॅकवरचे दोन बार दुसऱ्या मालाच्या मागे दडलेले असतात, आणि आपण सरळ सात बार मागवून टाकतो. पैसा असाच अडकून पडतो, रॅकवर, आणि बँकेच्या सीसीवर (कॅश क्रेडिट कर्जावर) व्याज चालू.

फाउंड्रीवाल्यांनी एक गोष्ट जास्तीची करायची. ओतलेलं सगळं लोखंड कास्टिंगमध्ये येत नाही, रनर-रायझर (साच्याच्या वाटांत थिजलेलं जास्तीचं लोखंड) तोडून परत भट्टीत जातात. ते परत आलेलं वजन रिटर्न म्हणून स्टॉकमध्ये आलं पाहिजे आणि पुढच्या चार्जमध्ये (भट्टीत भरायच्या मालात) खर्ची पडलं पाहिजे, नाहीतर किलोमागं कॉस्टिंग कधीच बरोबर येणार नाही. आणि प्रत्येक हीटला नंबर, तोच नंबर बॅच म्हणून कास्टिंगवर. सहा महिन्यांनी पार्टीनं एक नग ब्लोहोल (कास्टिंगमधलं भोक) म्हणून परत पाठवला तर त्याच हीटचे बाकीचे कुठं गेले ते लगेच सापडलं पाहिजे.

चंदगड-खानापूरकडचे काजूवाले हे वाचत असतील तर तुमचं उलटं आहे. एका बीपासून डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२०, पाकळी, तुकडा असे अनेक माल निघतात. सॉफ्टवेअर घेताना 'एका मालातून अनेक माल' हे जमतं का ते पहिल्यांदा विचारा, बऱ्याच सिस्टीम जोडायच्या कामासाठी बनवलेल्या असतात, फोडायच्या कामाला त्यात कसरत करावी लागते.

६. जॉबवर्क आणि बॉर्डर: आपल्याकडचा सगळ्यात मोठा विषय

बेळगावहून बेंगळुरू पाचशे किलोमीटर, पण जीएसटीच्या दृष्टीनं राज्याच्या आतलं, सीजीएसटी-एसजीएसटी लागतो. आणि वेंगुर्ला रोडनं बाची ओलांडलं की शिनोळी, ती एमआयडीसी महाराष्ट्रात, तिथं माल विकला की आयजीएसटी. जीएसटीत आपल्या राज्याचा कोड २९, त्यांचा २७. पार्टी मास्टरमध्ये पत्ता 'बेळगावजवळ' असा बघून ऑपरेटरनं राज्य कर्नाटक निवडलं की टॅक्स चुकीच्या खात्यात जातो आणि नंतर निस्तरत बसा. त्यामुळे राज्य हातानं निवडू देऊच नका, जीएसटी नंबरच्या पहिल्या दोन अंकांवरून आपोआप आलं पाहिजे.

आता जॉबवर्क. आपण ग्राइंडिंगला, हार्ड क्रोमला, हीट ट्रीटमेंटला माल पाठवतो तेव्हा तो विकत नाही, डिलिव्हरी चलनावर जातो. चलनाच्या तीन प्रती, एक घेणाऱ्याला, एक गाडीबरोबर, एक आपल्याकडं. ५० हजारांच्या वरच्या मालाला ईवे बिल (गाडीतल्या मालाची ऑनलाइन नोंद) हे सगळ्यांना माहीत आहे, पण एका राज्यातून दुसऱ्या राज्यातल्या जॉबवर्करकडं माल पाठवताना किमतीची मर्यादाच नाही. पाच हजारांचे दोन पिस्टन रॉड शिनोळीला किंवा कोगनोळीच्या पुढं कागलला पाठवले तरी ईवे बिल पाहिजे. "एवढ्याशा मालाला कोण अडवतंय" असं ड्रायव्हर म्हणतो, त्याचं ऐकू नका, गाडी अडली की मालापेक्षा दंड मोठा होतो.

म्हणून सिस्टीममध्ये या तीन गोष्टी करून घ्याच.

पहिली, प्रत्येक जॉबवर्करचं वेगळं गोडाऊन उघडा. माल गेला की आपल्या गोडाऊनमधून त्यांच्या गोडाऊनमध्ये, पण मालकी आपलीच, स्टॉकमध्ये दिसत राहिला पाहिजे.

दुसरी, परत आलेला माल मूळ चलनाच्या नंबरवरच वजा झाला पाहिजे. शंभर गेले, साठ आले, चाळीस बाकी, असं चलनवार. एकूण बेरजेत वजा केलं तर कुठला माल किती दिवस पडलाय ते कळत नाही. कच्चा माल एका वर्षात परत आला नाही तर कायदा असं धरतो की ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला, म्हणजे टॅक्स आणि वर व्याज. मशिनरीला तीन वर्षं मिळतात, मोल्ड, डाय, जिग, फिक्श्चर, टूल यांना ही मर्यादा नाही. नऊ महिने झालेल्या चलनांची यादी दर सोमवारी निघेल असा रिपोर्ट लावून घ्या.

तिसरी, एका जॉबवर्करकडून परस्पर दुसऱ्याकडं जाणारा माल. टर्निंग झालं की तिथूनच क्रोमला जातो, आपल्या गेटवर येतच नाही. डेमोत हे मुद्दाम करून दाखवायला सांगा. आयटीसी-०४ या जीएसटीच्या जॉबवर्क फॉर्ममध्ये हे वेगळं भरावं लागतं, आणि जॉबवर्करकडं झालेली घट, स्क्रॅप पण त्यात येतं. ५ कोटींपर्यंत उलाढाल असेल तर हा फॉर्म वर्षातून एकदा, त्याच्या वर असेल तर सहा महिन्यांनी. चलनं सिस्टीममध्ये नीट असली तर फॉर्म तासाभरात होतो, नाहीतर वर्षभराची चलनबुकं उचलून सीएकडं जायचं.

ई-इन्व्हॉइसचं (सरकारी पोर्टलवर नोंदवून नंबर घ्यायचं बिल) पण बघून घ्या, ५ कोटींच्या वर उलाढाल गेली असेल तर ते लागू आहे, सिस्टीममधून थेट तो नंबर आला पाहिजे, दोनदा टाईप करायला लागत असेल तर उपयोग नाही.

७. सॉफ्टवेअरवाल्याशी बोलताना

त्याचा डेमो त्याच्या डेटावर नको. तुमचा एक पार्ट, तुमचा एक शिनोळीचा जॉबवर्कर, तुमची एक रिजेक्शन, एवढं घेऊन बसा आणि सगळा फेरा समोर करून घ्या. जो "ते नंतर कस्टमाईज करून देतो" असं तीन वेळा म्हणाला त्याच्याकडं ते आज नाही असं समजा.

हे लेखी घ्या: युजर वाढले तर किती पैसे, एएमसीत (वर्षाच्या देखभालीच्या करारात) काय येतं काय नाही, जीएसटीचा नियम बदलला की अपडेटचे वेगळे घेणार का, आणि उद्या सोडायचं ठरलं तर आपला सगळा डेटा एक्सेलमध्ये मिळणार का. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारायचं विसरतात आणि मग अडकतात. पैसे टप्प्यानं द्या, निदान एक महिनाअखेर त्याच सिस्टीममधून पूर्ण होईपर्यंत शेवटचा हप्ता हातात ठेवा.

८. मोजणी आणि सुरू करायची तारीख

१ एप्रिल सगळ्यात सोयीची, नवीन वर्ष, नवीन बिल सीरिज. नाही जमलं तर कुठल्याही महिन्याची १ तारीख. गणपतीत सुरू करू नका, अर्धी माणसं गावाला असतात.

मोजणीच्या दिवशी माल आत-बाहेर बंद. दोघांनी मोजायचं, एकानं मोजायचं दुसऱ्यानं लिहायचं, मोजलेल्या ढिगावर चिठ्ठी लावायची. मशीनवर अर्धवट असलेला माल पण मोजा, कुठल्या ऑपरेशनपर्यंत झालाय ते लिहून. जॉबवर्करकडचा माल त्याच्याकडं जाऊन मोजा आणि सही घ्या. इथं फरक निघतोच, निघाला की त्याच दिवशी मिटवून टाका, जुना घोळ नव्या सिस्टीममध्ये न्यायचा नाही.

जुनी वही एक महिना बरोबरीनं चालू ठेवा. त्याच्या पुढं नको, दोन्ही चालू राहिलं तर माणसं वहीच नीट लिहितात आणि सिस्टीममध्ये शनिवारी सगळं एकदम घालतात.

९. एंट्री कोणी करायची

मालाला जो हात लावतो त्यानंच. ऑफिसमधल्या मुलीला संध्याकाळी चिठ्ठ्या देऊन एंट्री करायला लावली की सिस्टीम कायम एक दिवस मागं, आणि एक दिवस मागचा स्टॉक प्लॅनिंगला काही कामाचा नाही.

आपल्या शॉपमध्ये कुणी मराठी, कुणी कन्नड, कुणी यूपी-बिहारचा हिंदी बोलणारा. त्यामुळे शॉपमधल्या स्क्रीनवर वाचायचं कमी आणि बघायचं जास्त ठेवा, पार्टचा फोटो, कोड, किती नग चांगले, किती रिजेक्ट, बस. शक्य असेल तर जॉबकार्डवर बारकोड. ट्रेनिंग प्रत्येकाला त्याच्या भाषेत द्या, आणि त्याचंच मशीन, त्याचाच पार्ट घेऊन. आमच्या वयस्कर स्टोअरकीपर काकांनी पहिल्यांदा नाही म्हटलं, पण रॅकवर न जाता माल कुठं आहे ते स्क्रीनवर दिसायला लागलं तेव्हापासून तेच बाकीच्यांना शिकवतात.

अधिकार वाटून द्या: स्टोअरला रेट दिसायची गरज नाही, परचेसला माल आल्याची एंट्री करायचा अधिकार नको, स्टॉक दुरुस्तीला मालकांची मंजुरी. रोज रात्री बॅकअप, एक कारखान्यात आणि एक बाहेर.

पहिले तीन महिने दर शनिवारी वीस आयटम कुठलेही उचलून प्रत्यक्ष मोजा आणि सिस्टीमशी ताडून बघा. ज्या आयटममध्ये फरक येतो त्याची शेवटची दहा एंट्री काढा, बहुतेक वेळा कारण तिथंच सापडतं: युनिट चुकलेलं, रिजेक्शन न घातलेलं, नाहीतर शिनोळीहून आलेला माल जुन्या चलनावर न लावता नवीन म्हणून घेतलेला. वीसपैकी एकोणीस बरोबर यायला लागले की मगच प्लॅनिंगचा भाग चालू करा, त्याच्या आधी सिस्टीमनं सांगितलं म्हणून माल मागवू नका.